दहा हजार दगड

कार्तिकातलं दव असं पडलं होतं की खळ्यावर रचलेले भाताचे भारे वरून ओले आणि आतून कोमट लागत होते. माळशेजकडचे डोंगर अजून धुक्यात बुडालेले. टोकावड्याहून मुरबाडला निघालेली पहिली एसटी नुसती ऐकू येत होती, दिसत नव्हती. वंदना एकेक भारा उचलून उलटा करत होती, म्हणजे ऊन आलं की खालची बाजूही सुकेल. चार भारे उलटले की ती हातातलं काम टाकून पडवीकडे जायची, दाराच्या फटीतून आत बघायची आणि परत यायची.

पाचव्या खेपेला तिचा नवरा बाळाराम म्हणाला, "भात झोडायचंय का दाराशी पहारा करायचाय?"

"बगून आले नुसती."

"काय बगलंस?"

"श्वास घेतोय."

"मग घिऊंदे की. तू बगलं नाय तर काय थांबणार हाय?"

थट्टेत बोलला तो, पण शेवटचे शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं. त्यानं उगाच टोपी काढून झटकली आणि भाऱ्याला हात घातला. त्या घरात मागच्या वर्षापासून 'थांबणं' हा शब्द कुणी सहज उच्चारत नव्हतं. मागच्या वर्षी त्यांच्या सुनेला, पल्लवीला, पहिलं मूल झालं आणि नवव्या दिवशी सकाळी ते दूध ओढायचं थांबलं. दुपारी सगळंच थांबलं. आताचं हे दुसरं. दिवस भरायच्या आधीच आलेलं, जन्मताना दीड किलोचं, बावीस दिवस मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून घरी आलेलं. परवा रविवारी त्याचं नामकरण होतं.

वंदनेचं वय चोपन्न. माहेर खर्डीकडचं, बाप रेल्वेच्या गँगमध्ये. अठराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली. लावणी-कापणीला मजुरी केली, वीटभट्टीवर विटा वाहिल्या, बालवाडीत खिचडी शिजवली, आणि गेली चार वर्षं मुरबाडच्या कारखान्यांजवळच्या एका कोरियन कंपनीच्या गेस्ट हाउसात स्वयंपाकाला होती. वस्तीच्या महिला मंडळात तिचा आवाज सगळ्यात खणखणीत. त्रिसरण पंचशील म्हणायला तीच पुढे. विंचवाला भ्यायची नाही, पुरातल्या ओढ्याला भ्यायची नाही. पण पाळण्याशी आली की तिला भीती गाठायची. ही भीती जुनी होती.

तिची पहिली मुलगी चार दिवस जगली, दुसरा मुलगा तीन आठवडे. तिसऱ्या वेळी रत्नदीप झाला तेव्हा तिची सासू कमळाबाई हिनं एक गोष्ट केली होती, ती आजवर वंदनेशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

त्याचं असं, की वंदनेच्या सासऱ्यांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची चार भावंडं गेली म्हणून पाचव्याला आईबापांनी दगडाचं नाव दिलं. मरण दारात आलंच तर त्याला वाटावं, इथं पोर नाही, धोंडा पडलाय. पोर जगलं. पण मोठेपणी त्या नावानं धोंडूबाबांना टोचून खाल्लं. बांधावरून कुणीही "ए धोंड्या" अशी हाक मारायचा, आणि त्या हाकेत मरणाला चकवणं नसायचं, नुसतं हिणवणं असायचं. छप्पन सालानंतर वस्तीनं धम्म घेतला तेव्हा धोंडूबाबांनी घरातले देव ओढ्यात सोडले आणि त्याच दमात सांगून टाकलं, "या घरात पुन्ना दगड, धोंडा, केर, उकिरडा असलं नाव ठेवायचं नाय. आमाला ठेवली ती पुरे झाली." त्यांनी स्वतःच्या मुलाचं नाव बाळाराम ठेवलं, नातवाचं रत्नदीप.

पण कमळाबाई बाईमाणूस. दोन नातवंडं पुरलेली. ती रत्नदीपच्या टाळूला तेल घालताना तोंड खाली न्यायची आणि कानात म्हणायची, "दगडू, ए दगडू." धोंडू म्हणता येत नव्हतं, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं. म्हणून दगडू. वर्षभर रोज. आणि रत्नदीप जगला.

आज तो तिशीचा, वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर, आणि दर रविवारी समाजमंदिरातल्या अभ्यासिकेत पोरांना सांगणारा, की नवस, उतारा, दृष्ट हे सगळं भीतीचं दुकान आहे. त्याच्यासमोर दगडू हा शब्द काढायची वंदनेची हिंमत नव्हती. मागच्या वर्षीही नव्हती, आणि नवव्या दिवसानंतर तिच्या मनानं एवढंच धरून ठेवलं होतं: आपण कानात म्हटलं नाही.

गेस्ट हाउसात तीन साहेब राहायचे. त्यातले सर्वांत वयस्क एकसष्ट वर्षांचे, यंत्रं बसवायला आलेले. त्यांचं नाव मानसॉक. पहिल्या दिवसापासून पहारेकऱ्यांनी त्यांना 'मनसोक्त साहेब' करून टाकलं होतं, आणि ते जेवायचेही तसेच. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर भात. वंदनेला ते 'इमो' म्हणायचे. कुणालीनं सांगितलं होतं, इमो म्हणजे मावशीच. ही कुणाली वाशिंदची, कोरियन शिकलेली, कंपनीत दुभाषी.

महिन्यापूर्वी, बाळ अजून काचेच्या पेटीत असताना, वंदनेनं एकदा ताट वाढता वाढता विचारलं होतं, "सायेब, मनसोक्त म्हंजे तुमच्यात काय?" कुणाली त्या दिवशी रजेवर होती. साहेबांना प्रश्न कळला तो त्यांच्या खिशावरच्या नावपट्टीकडे दाखवलेल्या बोटावरून. त्यांनी खुशीत फोन काढला, कागदावर दोन अक्षरं लिहिली, फोननं त्यांचा फोटो घेतला, आणि फोनमधली बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "दहा हजार दगड."

वंदनेच्या हातातली पळी तशीच राहिली. एक दगड नाही, दहा हजार. या माणसाच्या आईनं किती पोरं पुरली असतील, तेव्हा एवढे दगड रचले असतील पोराच्या नावात. आणि बघ, एकसष्टचा झालाय, दात शाबूत, रोज जिना चढतोय.

त्या संध्याकाळी एसटीत बसल्या बसल्या तिच्या डोक्यात ते जुळलं. दगडू म्हटलं तर पोरगा घर डोक्यावर घेईल. पण दगड कोरियन भाषेत असला तर कोणाला कळतंय.

घरी तिनं सहज म्हणून विषय काढला. पल्लवी कोरियन मालिका बघणारी. ती ऐकूनच उठून बसली. "मनसोक. आई, किती वेगळं हाय ओ. आणि मनसोक्त पण येतंय त्यात."

रत्नदीप म्हणाला, "आपल्या पोराला कोरियाचं नाव कशाला?"

"तो पण बुद्धाला मानणारा देश हाय म्हणं," वंदना म्हणाली. "किती तरी विहारं हायत तिकडं."

"अर्थ काय त्याचा?"

"सायबाला विचारून सांगते," ती म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली.

सांगायचं राहून गेलं. तिनं राहू दिलं. नामकरणाचं निमंत्रण वस्तीच्या ग्रुपवर गेलंसुद्धा: चि. मनसोक रत्नदीप. त्या दिवसापासून वंदना बाळाला पुसायला घेतली की कानाशी तोंड न्यायची आणि म्हणायची, "मनसोक, ए मनसोक." मनातल्या मनात दहा हजार दगड त्याच्याभोवती रचायची.

असा तो शुक्रवार. भारे उलटून झाल्यावर ती आठच्या गाडीनं कामाला गेली. दुपारी साहेब जेवायला बसले, कुणालीही होती, तेव्हा वंदनेनं पदराला हात पुसत सांगितलं, "कुणाली, सायबांना सांग गो, माझ्या नातवाला त्यांचं नाव ठेवतोय आमी. परवा या म्हणावं."

कुणालीनं सांगितलं. साहेबांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले. मग बराच वेळ बोलत राहिले. कुणाली हसत हसत सांगू लागली, "मावशी, ते म्हणतात, त्यांच्या आजोबांनी ठेवलेलं नाव आहे. आजोबा दुसऱ्याची शेतं कसायचे. म्हणून नातवाचं नाव ठेवलं, दहा हजार मापं तांदूळ."

"दगड," वंदना म्हणाली.

"नाही, तांदूळ. अक्षर दगडाचं आहे, तेच अक्षर मापालाही लिहितात. आपली खंडी असते ना, तसं त्यांचं सॉक. एक सॉक म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, असं म्हणतात. असे दहा हजार. त्यांच्याकडे मोठ्या जमीनदाराला म्हणायचे मानसॉकवाला."

"पन फोननं दगड सांगितलं."

"फोनला काय कळतंय मावशी, त्यानं एकेक अक्षर वाचलं असणार. काय झालं? बसा ना तुम्ही."

वंदना बसली नाही. ती कट्ट्याला टेकून उभी राहिली. तिच्या कानात सासूचा आवाज होता: गरिबाच्या पोराला भरलेलं नाव ठेवू नये, वाटेवरून जाणाऱ्याची नजर आधी भरल्या घरात जाते. दहा हजार खंड्या तांदूळ. दीड किलोच्या पोराच्या अंगावर. आणि ती आठवडाभर ते नाव त्याच्या कानात म्हणत होती. लपवायला निघाली होती आणि हाका मारून दाखवत होती, हा बघा, इथं आहे.

तिनं अर्धी रजा मागितली. मुरबाडच्या नाक्यावर एसटीला वेळ होता म्हणून जीपमध्ये कोंबून घेतलं. सगळ्या वाटेभर तिचे ओठ हलत होते. पंचशील म्हणत होती की दगडू म्हणत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरात शिरली तर पल्लवी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, ओढणीनं त्याचे तळवे चोळत.

"आई, अकरापासून ओढतच नाय ओ. झोपतंय नुसतं. हे आत्ताच कामावरून आले, गाडी वळवायला गेलेत."

वंदनेनं बाळाच्या पायाला हात लावला. दवातल्या भाऱ्यासारखा गार. पोटाला हात लावला, तेही गार. मागच्या वर्षी असंच. अगदी असंच, पल्लवी अशीच बसलेली, हेच वाक्य, ओढत नाय. तिच्या हातांनी आपलं काम केलं. काचेच्या पेटीवरच्या सिस्टरनं शिकवलेलं होतं. तिनं पोलक्याची बटणं काढली, बाळाला कपड्यातून सोडवून छातीशी उभं लावलं, कातडीला कातडी, वरून पदर, वरून बाळारामची घोंगडी.

रत्नदीपनं मोटरसायकल दाराशी आणली. वंदना मागे बसली. टोकावड्याचा दवाखाना चार किलोमीटर. ऊन होतं, पण गाडीच्या वाऱ्याला धार होती. छातीवरचं ते गार, हलकं ओझं हलत नव्हतं. तिनं घोंगडीत तोंड घातलं आणि म्हणाली, "दगडू." उत्तर कसलं येणार. "ए दगडू. दगडू रे. दगडू." वाऱ्यात स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून ती मोठ्यानं म्हणू लागली. वळणावर गाडी जरा डगमगली. रत्नदीपनं मान किंचित मागे वळवली होती.

दवाखान्यात सिस्टरनं काखेत थर्मामीटर लावला आणि म्हणाली, "थंडी धरलीय. एवढ्या लहान जिवाला गार पडलं की ओढायची ताकद राहत नाय, आणि ओढलं नाय की आणखी गार पडतं. तुमी छातीशी धरून आणलंत ते बरं केलंत. तसंच धरून बसा." हीटर लावला, टोपी घातली, मोजे घातले. डॉक्टर आले, छाती ऐकली, साखर तपासली. वंदना भिंतीकडे तोंड करून बाकावर बसून राहिली. दहा मिनिटं. वीस मिनिटं. तिला वाटलं, आपण हललो तर काहीतरी तुटेल. पाऊण तासानं तिच्या कातडीवर काहीतरी खरवडलं. नखं होती, तांदळाच्या कणीएवढी. मग बाळानं तोंड उघडलं आणि मांजराच्या पिलासारखा आवाज काढला.

पल्लवी सासऱ्याबरोबर मागून रिक्षानं आली होती. तिला आत नेलं. वाटी-चमच्यानं, मग अंगावर, बाळ प्यायलं. वजन दोन किलो शंभर. "रात्रभर इथंच ठेवा, सकाळी न्या," डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर रत्नदीप येऊन आईशेजारी बसला. बराच वेळ चपलेनं फरशीवरची माती रेटत होता.

"दगडू कोन?" त्यानं विचारलं.

वंदनेनं सगळं सांगितलं. मुलगी चार दिवसांची, मुलगा तीन आठवड्यांचा, सासूचं तेल, कानातलं नाव, फोनमधली बाई, दहा हजार दगड, आणि आजचा तांदूळ. थांबत थांबत नाही, एका दमात, घागर उपडी करावी तसं.

"म्हंजे मी पन दगडू."

"व्हतास. वरीसभर."

"आजोबांनी नको म्हटलेलं असताना."

"आत्यांना, तुज्या आजीला, तू पायजे व्हतास रे," ती म्हणाली. "आजोबांना पन पायजेच व्हतास. पन त्यांना कानात बोलायला येत नव्हतं."

रत्नदीपला हसूही आलं असतं, पण आलं नाही. "रविवारी सगळ्या वस्तीसमोर मी उभा राहून नावाचा अर्थ सांगायचाय. बौद्धाचार्य तेच विचारनार. मी काय सांगू? मला तूच फसवलंस आई. मला राग अंधश्रद्धेचा नाय आला. तू एकटी भीत बसलीस आणि मला सांगितलं नाय, त्याचा आला."

वंदना घोंगडीची घडी घालत राहिली.

"आता तू ठरव," तो म्हणाला. "दगडू ठेवायचं तर दगडू ठेवू. मी आजोबांची माफी मागीन. मनसोक ठेवायचं तर मनसोक. पन जे ठेवशील ते मोठ्यानं. कानात नाय. उद्या दुपारपर्यंत सांग."

असं हातात देऊन टाकलं त्यानं. वंदनेला वाटलं होतं तो भांडेल, मग ती रडेल आणि निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात जाईल. आता तो तिच्याच गळ्यात होता. ठेवलं नाव आणि पोराला काही झालं तर ते आपण ठेवलेलं. बदललं नाव आणि काही झालं तरी आपणच बदललेलं.

शनिवारी सकाळी बाळ घरी आलं, दोनदा प्यायलं. वंदना कामाला जाणार नव्हती, पण घरात तिला बाळाकडे बघवेना आणि दुसरीकडे बघता येईना. दहाला ती गेस्ट हाउसात पोचली. साहेब सुट्टीच्या दिवशी ओट्याशी उभे राहून चहा प्यायचे. तिनं कुणालीला फोन लावला, फोन ओट्यावर उभा करून ठेवला आणि म्हणाली, "सायबांना विचार, पोर जगावं म्हणून तुमच्यात दगडाचं नाव ठेवतात का?"

कुणालीला दोनदा सांगावं लागलं. साहेबांनी कप खाली ठेवला. वंदनेकडे नीट बघितलं. मग सावकाश, मधे मधे थांबत बोलले, आणि त्यांच्या मागोमाग कुणाली.

"म्हणतात, ठेवायचे. दगड, लोखंड. आणखी वाईट पण. त्यांच्या थोरल्या भावाला घरात केत्तोंग म्हणायचे. म्हणजे, मावशी, कुत्र्याची घाण. त्याच्या आधीची एक बहीण गेली होती, म्हणून. म्हणजे कुणी न्यायला आलं तर त्याला किळस यावी."

वंदनेनं ओट्याची कड धरली. समुद्रापलीकडे, नाव माहीत नसलेल्या गावात, एक कमळाबाई बसली होती आणि पोराच्या कानात तेच म्हणत होती.

"मग?" तिनं विचारलं. "जगला?"

हे कुणालीला सांगावं लागलं नाही. साहेबांना तो एक मराठी शब्द कळला. त्यांनी मान हलवली, आडवी. सहा बोटं दाखवली.

"सहाव्या वर्षी गेला," कुणाली हळू म्हणाली. "ताप आला होता. नंतर हे झाले. आजी म्हणाली, याला पण घाणेरडं नाव ठेवा. आजोबा नको म्हणाले. म्हणाले, एका पोराला आपण आयुष्यभर घाण म्हटलं आणि तसाच तो गेला. याला निदान चांगल्या नावानं हाक मारू, जेवढे दिवस मारायला मिळेल तेवढे दिवस. आजी वर्षभर आजोबांशी बोलली नाही. एवढी घाबरली होती."

साहेब आणखी काही बोलले.

"ते म्हणतात, दहा हजार मापं त्यांनी कधी बघितली नाहीत. पण भात रोज मिळाला."

वंदना उभी राहिली तशीच. मग तिला आपल्या दोघांची आठवण आली. चार दिवसांची आणि तीन आठवड्यांचा. त्या दोघांना तिनं कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. नाव ठेवायच्या आधीच गेली म्हणून नव्हे, घाबरून. नाव घेतलं तर कुणी ऐकेल म्हणून. आज त्यांना आठवायचं तर कशानं आठवायचं, हेही तिच्यापाशी नव्हतं.

तिनं कुणालीचा फोन बंद केला आणि रत्नदीपला लावला.

"प्यायलं का?"

"आत्ताच. झोपलंय. पल्लवीनं छातीशी घेतलंय."

"ऐक. दहा हजार मापं तांदूळ. असंच सांग उद्या. आणि हे पन सांग, की ज्यानं हे नाव पयल्यांदा ठेवलं तो दुसऱ्याच्या शेतात राबनारा म्हातारा व्हता."

"आजोबांसारखा," रत्नदीप म्हणाला.

"हां."

"तुला भ्या नाय वाटत आता?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "खूप वाटतंय. उद्या मोठ्यानं म्हणताना माझा आवाज फाटला तर तू म्हन. नायतर दोघं म्हनू."

"बरं. साहेब येतायत का?"

तिनं साहेबांकडे बघितलं. ते धुतलेला कप पालथा घालत होते. "येतायत," ती म्हणाली. "त्याला टोपी घाल नीट. कान झाक."

फोन तिनं ओट्यावर ठेवला. मग पाट ओढून बसली, टोपलीतला लसणाचा गड्डा घेतला, जमिनीवर आपटून मोकळा केला आणि एकेक पाकळी सोलायला लागली.